ऑपरेशन्स टीमसाठी टर्मिनलवरूनच चालणारं डॉक्युमेंटेशन कसं उभारावं?

तुम्ही विचारलंय की आठ जणांच्या ऑपरेशन्स टीमला ब्राउझर न उघडता, टर्मिनलवरच, म्हणजे कमांड टाइप करायच्या खिडकीतच, सगळं डॉक्युमेंटेशन लिहिता-वाचता यावं म्हणून काय काय बसवावं आणि एडिटर कोणता ठरवावा. टूल्स खाली सांगतो. त्याआधी एक सांगा, तुमचं सध्याचं विकी, म्हणजे टीमच्या नोट्सची वेबसाइट, कोणत्या सर्व्हरवर चालतं? माहीत नसेल तर आधी ते शोधा, मग एडिटरवरून भांडा.

आमचं विकी कुठे चालतं हे मला २०१५ च्या विसर्जनाच्या रात्री कळलं. मी लक्ष्मी रोडला गर्दीत, हातात फक्त मोबाइल. हिंजवडीत रात्रपाळीला नोकरीला लागून चार महिने झालेला एक मुलगा. साडेदहाच्या सुमारास त्याचा फोन आला, "दादा, डेटाबेस बंद पडलाय, डिस्क शंभर टक्के दाखवतेय." डेटाबेस पोस्टग्रेसचा होता. दुपारपासून आर्काइव्हचा नेटवर्क ड्राइव्ह सुटला होता, त्यामुळे सोळा-सोळा एमबीच्या वॉल फायली (डेटाबेस प्रत्येक बदल आधी ज्यांत नोंदवतो त्या) पुढे न जाता तिथेच साठत गेल्या. हे अर्थातच नंतर कळलं. मी म्हणालो, "विकीवर पान आहे, 'डिस्क भरल्यावर', ते उघड." तो म्हणाला, "उघडत नाहीये." उघडणार कसं? विकीचा डेटाबेस त्याच सर्व्हरवर होता. डिस्क भरल्यावर काय करायचं ते पान डिस्क भरल्यामुळेच बंद.

त्याने पीजी अंडरस्कोर एक्सलॉग नावाच्या फोल्डरमधल्या जुन्या फायली, म्हणजे त्याच वॉल फायली, उडवल्या. नावात लॉग आहे, मग लॉगच असणार. त्यानंतर डेटाबेस उठलाच नाही. आदल्या रात्रीचा बॅकअप चढवला आणि रविवारच्या दिवसभराच्या नोंदी क्लायंटच्या माणसांनी कागदावरून परत भरल्या. लोक त्या फोल्डरला लॉग समजून इतक्यांदा हात लावायचे की पोस्टग्रेसवाल्यांनी २०१७ मध्ये दहाव्या आवृत्तीत त्याचं नाव बदलून पीजी अंडरस्कोर वॉल केलं. म्हणजे तो मुलगा मूर्ख नव्हता. मीटिंगमध्ये मात्र त्यालाच उभं केलं.

मी वर्षभर सांगत होतो, साध्या टेक्स्ट फायली करा, गिटमध्ये (फायलींचा प्रत्येक बदल जपणारं टूल) ठेवा, म्हणजे प्रत्येकाच्या लॅपटॉपवर पूर्ण प्रत राहील. आमच्या सरांचं ठरलेलं उत्तर, "टेक्स्ट फायलीत स्क्रीनशॉट कुठे टाकणार?" अहो, टर्मिनलचा स्क्रीनशॉट कशाला हवाय? चित्रातली कमांड कॉपी होते का? त्या रात्रीनंतर सरांनी काय केलं तर सगळं विकी वर्डच्या फायलींमध्ये उतरवून शेअर्ड ड्राइव्हवर टाकलं. वर्डने कमांडमधल्या दोन हायफनांची एक लांब रेघ केली, सरळ अवतरणचिन्हं वाकडी केली. चिकटवलेली कमांड चालत नाही आणि का चालत नाही ते डोळ्यांना दिसत नाही. रात्री तीनला हे करून बघा.

असो. एक गिट रिपॉझिटरी, त्यात प्रत्येक सर्व्हिसचं एक फोल्डर, फायली मार्कडाउनमध्ये (साध्या खुणांनी मथळे-याद्या दाखवायची टेक्स्टची पद्धत). अलर्टचं जे नाव तेच फाइलचं नाव ठेवा, म्हणजे पेजर वाजला की विचार करावा लागत नाही. शोधायला रिपग्रेप आणि एफझेडएफ, वाचायला लेस. हे तिन्ही एका छोट्या शेल फंक्शनमध्ये, म्हणजे घरगुती कमांडमध्ये, बांधून सगळ्यांच्या बॅशआरसीत (टर्मिनल उघडताच वाचली जाणारी सेटिंग फाइल) टाका. जंप होस्टवर (ज्यातून बाकीच्या सर्व्हरवर जातात तो सर्व्हर) क्रॉनने, म्हणजे ठरल्या वेळी आपोआप, दर दहा मिनिटांनी पुल करून ताजी प्रत ओढा. पॅन्डॉक या फाइलचं स्वरूप बदलणाऱ्या टूलने त्याच फायलींची मॅन पानं (युनिक्सची टर्मिनलवर वाचायची मॅन्युअलची पानं) बनतात, ती जंप होस्टच्या मॅनपाथमध्ये, म्हणजे मॅन कमांड जिथे शोधते तिथे, घाला. युनिक्सचं पहिलं मॅन्युअल १९७१ चं आहे आणि ती पद्धत अजून कामाला येते. (पॅन्डॉक लिहिणारे जॉन मॅकफार्लन हे बर्कलीत तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक आहेत. आमच्या सरांना हे सांगितल्यावर ते म्हणाले, "मग बरोबर आहे.") एडिटर ज्याला जो हवा तो. व्हिम या एडिटरची सक्ती केलीत तर निम्मी टीम लिहायचंच थांबवेल.

पासवर्ड चुकूनही गिटमध्ये जाऊ देऊ नका. फाइल पुसली तरी इतिहासात राहतो, मग पासवर्डच बदलावा लागतो. आणि गिट न येणारी माणसं टीममध्ये असतील तर हे सगळं त्यांच्या डोक्यावरून जाईल. त्यांच्यासाठी याच फायलींवरून एमकेडॉक्सने वेबपानं काढून द्या, फक्त ती दुसऱ्या सर्व्हरवर ठेवा.

आता राहिलेली गोष्ट. विकीवरचं ते पान मीच लिहिलं होतं. "या फोल्डरमधल्या फायलींना हात लावू नये" हे वाक्य तिसऱ्या स्क्रीनवर, एका लांबलचक परिच्छेदाच्या पोटात होतं. शिवाय मुलाने फोनवर विचारलं होतं, "दादा, जुने लॉग उडवू का?" समोर ढोल-ताशा चालू. मला वाटलं तो व्हार-लॉगबद्दल, म्हणजे साध्या लॉगच्या फोल्डरबद्दल, बोलतोय. मी ओरडून म्हणालो, "हो, उडव." मीटिंगमध्ये हे त्याने सांगितलं नाही, आणि मीही नाही. म्हणून माझ्या आताच्या प्रत्येक फाइलची पहिली ओळ 'काय करू नये' ही असते, आणि तिच्यात फोल्डरचा पूर्ण पाथ असतो.

जुन्या वर्डच्या फायली पॅन्डॉकने मार्कडाउनमध्ये आणता येतात. त्या लांब रेघा मात्र एकेक करून तपासाव्या लागतात. आमच्या टीमला त्यात दोन शनिवार गेले, आणि त्यातला एक त्या मुलाने माझ्या शेजारी बसून काढला.