तुमचे प्रश्न: पहिलेसारखे संपादक राहिले कुठे?

प्रश्न : पहिलेचे संपादक छाती काढून जेलात जायचे. टिळकांनी मंडालेत सहा वर्षं काढली. आताच्या पत्रकाराला साधी नोटीस आली की बातमी डिलीट! एवढं कायले घाबरता बाप्पा? – एक वाचक, महाल

उत्तर : काका (वय अक्षरावरून काढलं, चुकलो असेल तर माफ करा), टिळकांबद्दल वादच नाही. पण तारखा बघा ना. 24 जून 1908 ला अटक आणि 22 जुलैला शिक्षा, म्हणजे पुरता महिनाही लागला नाही. शिक्षा अन्यायाचीच होती, पण किती वर्षं ते तरी घरच्यांना माहीत होतं.

आता सिद्दीक कप्पन घ्या. केरळचा पत्रकार, उत्तर प्रदेशातल्या हाथरसला बातमी करायला निघाला होता, 5 ऑक्टोबर 2020 ला रस्त्यातच धरला आणि बाहेर आला 2 फेब्रुवारी 2023 ला, तेही जामिनावर, खटला तसाच बाकी. त्याच्यावर लागला तसा यूएपीए (दहशतवादविरोधी कायदा) लागला की आरोपपत्रालाच 180 दिवसांपर्यंत मुदत मिळते, आणि प्रथमदर्शनी आरोप खरा वाटला तर जामीन देऊ नये असं कायदाच सांगतो. आपल्या नागपूरचे सुधीर ढवळे, ‘विद्रोही’ मासिकाचे संपादक, 2011 च्या जानेवारीत वर्ध्याला पकडले, 2014 ला कोर्टानं निर्दोष सोडलं. मग 2018 ला एल्गार परिषदेच्या केसमध्ये परत आत, ते जामिनावर सुटले थेट जानेवारी 2025 मध्ये. आरोप खरे का खोटे ते कोर्ट बघेल, पण हिशोब करा, साडेसहा वर्षं झाली, मंडालेपेक्षा जास्त, आणि शिक्षा अजून झालेलीच नाही!

आणि भीती जेलचीच असते असंही नाही. माझ्या ओळखीचा एक तालुक्याचा वार्ताहर आहे, रेतीच्या ट्रकांची बातमी छापली म्हणून अब्रुनुकसानीची केस अंगावर आली. दर तारखेला सकाळच्या एसटीनं नागपूरला येतो, डब्यात पोळी आणि ठेचा, कोर्टाच्या आवारात कडुनिंबाखाली बसून राहतो, दुपारी तीनला कळते की साहेब रजेवर आहेत. त्या दिवशीचं दुकान बंद (पेपरच्या मानधनात घर चालत नाही म्हणून झेरॉक्सचं दुकान आहे त्याचं). पेपरनं पहिल्या दोन तारखांना वकील दिला, नंतर फोन उचलणं बंद. शेवटी त्यानं माफीनामा लिहून दिला. याला भित्रा म्हणाल?

म्हणायच्या आधी आपल्याच गावातला एक माणूस आठवा. माधवराव सप्रे, 1907 मध्ये नागपुरातून ‘हिंदी केसरी’ काढला, टिळकांचं म्हणणं हिंदीत पोचवलं, 1908 च्या ऑगस्टमध्ये राजद्रोहात अटक झाली. मोठ्या भावानं गळ घातली आणि माफी लिहून दिली, सुटले. लोकांनी काय काय बोलून घेतलं असेल ते सोडा, स्वतः सप्र्यांनाच ते आयुष्यभर डाचलं. पण पुढे टिळकांनी मंडालेत लिहिलेलं ‘गीतारहस्य’ हिंदीत कोणी आणलं? ह्याच सप्र्यांनी. आणि काम दिलं कोणी, तर टिळकांनीच. म्हणजे ज्यानं सहा वर्षं भोगली त्यानं माफीवाल्याला वाळीत टाकलं नाही, आणि आपण मात्र चहा पिता पिता निकाल देऊन मोकळे होतो.

प्रश्न : माझा भाचा यूट्यूबवर बातम्यांचं चॅनेल चालवतो. नाल्याच्या कामाचा व्हिडिओ टाकला तर ठाण्यातून फोन आला, “येऊन जा जरा.” जायचं का? – एक मावशी, नंदनवन

उत्तर : मावशी, भाच्याला म्हणा नुसत्या फोनवरून जाऊ नको, नम्रपणे लेखी नोटीस माग. सात वर्षांपर्यंत शिक्षेच्या गुन्ह्यात बहुतेक वेळा आधी नोटीसच द्यावी लागते. नोटीस आली तर मात्र जायचंच, वकील सोबत घेऊन, ती टाळली तर अटकेला कारण मिळतं. अटक केलीच तर कारणं लेखी मागा, न्यूजक्लिक या बातम्यांच्या वेबसाइटचे संपादक प्रबीर पुरकायस्थ 15 मे 2024 ला सुप्रीम कोर्टातून सुटले ते याच मुद्द्यावर, कारणं लेखी दिलीच नव्हती. आणि 24 तासांत मॅजिस्ट्रेटपुढे हजर करावंच लागतं. बोलण्या-लिहिण्याचा पत्रकाराला वेगळा हक्क नाही हो, घटनेचं कलम 19 तुम्हाला जेवढं तेवढंच त्याला.

व्हिडिओ घाबरून उडवू नका. मूळ शूटिंगची एक कॉपी पेनड्राइव्हमध्ये घालून तुमच्याकडे ठेवा, त्याच्या घरी नको.