ट्रान्सपोर्ट आणि डिलिव्हरी कंपनी रजिस्टर करायला कायद्याने काय काय लागतं?

प्रायव्हेट लिमिटेडसाठी दोन डायरेक्टर, दोन भागधारक, डिजिटल सह्या, स्पाइस प्लस फॉर्म (कंपनी नोंदवायचा सरकारी ऑनलाइन अर्ज) आणि 180 दिवसांत धंदा सुरू केल्याचं डिक्लरेशन. किमान भांडवलाची अट 2015 सालीच गेली. हे सगळं सीए करून देतो, त्याबद्दल विचारायचंही कारण नाही.

माझे मेव्हणे, म्हणजे माझे भागीदार, नेमके इथेच थांबले. "कंपनी झाली, आता जबाबदारी कंपनीची," असं येईल त्याला सांगायचे. गाडीच्या कर्जाला बँकेने आम्हा दोघांची वैयक्तिक हमी घेतली, तेव्हा जरा गप्प बसले. मी म्हणत होतो, कॅरेज बाय रोड अ‍ॅक्ट, 2007 खाली कॉमन कॅरियर, म्हणजे भाडं घेऊन कोणाचाही माल नेणारा, म्हणून वेगळी नोंदणी लागते. परिवहन प्राधिकरणाकडे करायची, दहा वर्षं चालते. ते म्हणायचे, "नंतर बघू."

मग ऑगस्टमध्ये एका पार्टीची, म्हणजे माल पाठवणाऱ्या ग्राहकाची, कागदाची बंडलं गाडीत भिजली. ताडपत्री दोरीपाशी फाटली होती, ड्रायव्हरने भोकात प्लास्टिकची पिशवी कोंबून भागवलं. खालचे दोन थर हाताने उचलले तर लगदा. पार्टीच्या वकिलाने पहिल्याच पत्रात आमचा नोंदणी क्रमांक मागितला. काय देणार, कपाळ?

या कायद्यात वाहतूकदाराला चांगलं संरक्षण आहे. पार्टीने जादा जोखमीचा दर (वाहतूकदाराची जबाबदारी वाढवणारं जास्तीचं भाडं) कबूल केला नसेल, तर भरपाई भाड्याच्या दहापटीपर्यंतच. पण ते मागायला माल देताना पार्टीने भरून दिलेली फॉरवर्डिंग नोट हवी, त्यावर पार्टीने जाहीर केलेली मालाची किंमत हवी, सही हवी. आमच्याकडे बिल्टीवर, म्हणजे माल घेतल्याच्या पावतीवर, फक्त नग, वजन आणि 'टू पे' (भाडं माल उतरवून घेणारा देणार). नोट छापलीच नव्हती, कारण मेव्हण्यांच्या मते बिल्टी फाडली की झालं. शेवटी अर्ध्या रकमेवर तोडगा निघाला. पैसे कंपनीच्या खात्यातून गेले, म्हणजे कागदोपत्री त्यांचंच खरं ठरलं! खात्यात तेव्हा पुढच्या दोन महिन्यांचं डिझेल होतं. ते अजूनही पावसाला दोष देतात.

तेव्हा आधी नोंदणी आणि नोट, लेटरहेड नंतर. परमिट, फिटनेस, थर्ड पार्टी विमा तुम्हाला माहीत असेलच. राज्याबाहेर जाणाऱ्या 50,000 रुपयांवरच्या मालाला ई-वे बिलही (माल नेण्यासाठी जीएसटीखाली ऑनलाइन काढायचा कागद).

हो, तुम्ही 'डिलिव्हरी'ही लिहिलंय. मालासकट एकूण वजन 3,000 किलोपर्यंतच्या मालवाहू गाडीला परमिटची सक्ती नाही. पण त्यावर खूश होऊ नका, 2007 च्या कायद्यातल्या व्याख्येत घरपोच माल नेणारी कुरिअर एजन्सीही येते. सगळा धंदा स्वतःचाच माल पोचवण्याचा असेल, तर मात्र माझं हे पुराण तुमच्या कामाचं नाही.

आणखी एक. नुकसानीची लेखी नोटीस बुकिंगपासून 180 दिवसांत आली नाही, तर दावा उभा राहत नाही. मेव्हण्यांची सगळी भिस्त त्यावर होती. आमच्या पार्टीने अकराव्या दिवशी दिली.