इंजिन माउंटसाठी कर्ज काढू का?

नमस्कार,

तुमचं पत्र दोनदा वाचलं. १९८७ ची पोर्शे ९४४, बारा वर्षं तुमच्याकडे आहे. सिग्नलला उभी असताना स्टिअरिंग थरथरतं, आरशात मागची गाडी पुसट दिसते, आणि गॅरेजवाल्यांनी दोन्ही इंजिन माउंट, म्हणजे इंजिनाला पेलून त्याचे हादरे जिरवणारे आधार, गेल्याचं सांगितलंय. कंपनीचे अस्सल माउंट घातले तर मजुरीसह तुमच्या दोन महिन्यांच्या घरखर्चाएवढी रक्कम जाते. दुसऱ्या उत्पादकाचे घातले तर एका महिन्याच्या खर्चात भागतं, त्यात निम्मी मजुरी. आपत्कालीन निधी चार महिन्यांचा आहे, दरमहा खर्चाच्या एक पंचमांश शिल्लक पडते आणि १६ टक्क्यांनी वैयक्तिक कर्ज मिळतंय. निधी मोडू, कर्ज घेऊ, की जुन्या माउंटमध्ये युरेथेन (ओतल्यावर घट्ट होणारं रबरासारखं प्लॅस्टिक) भरून वेळ मारून नेऊ, असं विचारलंय.

तिन्ही नको. दुसऱ्या उत्पादकाचे पण द्रवभरितच माउंट घ्या, पाच महिने पैसे साठवून घ्या, आणि त्याआधी बेल्टचा हिशेब तपासा.

बेल्टचं आधी सांगतो, कारण माझी खरी काळजी तिथे आहे. या इंजिनात टायमिंग बेल्ट, म्हणजे पिस्टन आणि व्हॉल्व्हची हालचाल जुळवून ठेवणारा पट्टा, तुटला की पिस्टन व्हॉल्व्हवर आदळतात. मग माउंटचा खर्च किरकोळ वाटावा असं बिल येतं. तुमच्या पत्रात माउंटवर दीड पान आहे, बेल्टवर एक ओळही नाही. गेल्या चार-पाच वर्षांत टायमिंग आणि बॅलन्स शाफ्टचे बेल्ट बदलल्याची पावती फायलीत नसेल, तर साठलेला पहिला पैसा तिकडे जाईल, माउंट थांबतील. माउंट थरथरून रोज तक्रार करतात म्हणून लक्ष तिकडे जातं. बेल्ट मात्र बहुतेकदा काहीच न कळवता तुटतो.

शिवाय थरथर माउंटचीच आहे याची खात्रीही त्यातून होते. अडीच लिटरचं चार सिलिंडरचं इंजिन म्हणजे मोठंच. त्याची कंपनं मारायला क्रँकच्या (इंजिनाच्या मुख्य फिरत्या दांड्याच्या) दुप्पट वेगाने फिरणारे दोन बॅलन्स शाफ्ट बसवलेले आहेत. मागे कुणी बेल्ट लावताना त्यांची जुळवणीची खूण चुकवली असेल तर नवे माउंट घालूनही गाडी हलतच राहील. म्हणून पैसे देण्याआधी एवढं बघा: हँडब्रेक लावून, बॉनेट उघडून कुणाला तरी हलकेच रेस द्यायला सांगा. इंजिन एका बाजूला उचलून दणकन बसतं का? टॉर्च मारून माउंटच्या खाली पाहा. काळा चिकट ओघळ दिसला तर आतला द्रव गळून गेलाय आणि निदान जवळजवळ पक्कं झालं.

आता स्वस्त पर्यायांबद्दल. साध्या रबरी माउंटमध्ये पोकळ्या असतात, त्यात युरेथेन भरून काम चालतं, हे खरं आहे. तुमच्या गाडीचे माउंट तसे नाहीत. त्यांच्या आत दोन कप्पे असतात आणि द्रव अरुंद वाटेने इकडून तिकडे जाताना हादरा जिरवतो. तिथे काहीही ओतलं तरी तो गुण परत येत नाही, फक्त गोळा कडक होतो. टणक पॉलियुरेथेनचे माउंट टिकतात, शर्यतीच्या ट्रॅकवर चांगलेच. पण रोजच्या वापरात सगळी गुणगुण सीटमध्ये येते, आणि तुमची तक्रार तर नेमकी थरथरीचीच आहे. भंगारातले मुळीच नको. माझ्या आधीच्या गाडीला मी तसा एक घातला होता. वर्षाच्या आत बसला आणि मजुरी दुसऱ्यांदा भरली. रबर गाडीवर असो की फळीवर, वय वाढतंच.

दोन्ही बाजू एकदमच बदला. एकच नवा घातला तर इंजिन तिरकं बसतं आणि भार त्याच्यावरच येतो.

मजुरीत मात्र बचत आहे. माउंट ज्या आडव्या क्रॉसमेंबरवर (गाडीखालच्या आडव्या पट्टीवर) बसतात, तो ऑइल पॅन, म्हणजे इंजिनाखालचं तेलाचं भांडं, काढायलाही खाली घ्यावा लागतो आणि तेवढा वेळ इंजिन वरून टांगून धरावं लागतं. म्हणजे दोन्ही कामांची अर्धी मेहनत एकच. तुम्ही गाडीखाली तेलाचे डाग पडतात असं ओझरतं लिहिलंय. पॅनचं गॅस्केट (सांध्यातली गळती रोखणारी पट्टी) गळत असेल तर ते याच वेळी करून घ्या. गॅस्केट स्वस्त असतं, महाग असतं ते तिथवर पोचणं. आणि गळतं तेल नव्या रबरावर पडत राहिलं तर तेही लवकर जाईल. अंदाजपत्रक पुन्हा मागताना ‘दोन्ही कामं मिळून मजुरी किती?’ असं थेट विचारा. तिथेच थांबा मात्र. ‘उघडलंच आहे तर’ म्हणत रॅक, क्लच, बुश अशी यादी वाढते. जे आज बिघडलेलं नाही ते यादीत घेऊ नका.

कर्जाचं गणित सरळ आहे. १६ टक्क्यांनी २४ महिन्यांत मुद्दलावर साधारण साडेसतरा टक्के व्याज जातं. त्याच पैशात गॅस्केट आणि त्याची जादा मजुरी निघू शकते. निधीला हात लावू नका म्हणतो, कारण तो तुमच्या नोकरीसाठी आणि घरच्या आजारपणासाठी आहे. माउंट झिजणार हे आधीपासून माहीत असतं, असा खर्च आपत्ती नव्हे. त्यासाठी गाडीचं वेगळं खातं उघडा आणि काम झाल्यावरही शिलकेचा एक हिस्सा तिथेच टाकत राहा, कारण चाळिशीच्या आसपासची गाडी दरवर्षी काहीतरी मागणारच.

पाच महिने गाडी वापरायला हरकत नाही, पण जपून. क्लच झटक्याने सोडू नका, आणि महिन्यातून एकदा होसेस व वायरिंग कुठे घासतायत का ते पाहा. धातूवर धातू आपटल्याचा ठणका ऐकू आला, किंवा माउंट पूर्ण सुटलेला दिसला, तर गाडी उभी करा. तेव्हा कमी पडणारी रक्कम घरातून बिनव्याजी उसनी घेणं मला कर्जापेक्षा बरं वाटेल.

बेल्टची पावती सापडली का, ते मला नक्की कळवा.