पानातलं मीठ

"मॅडम, कुणी जेवायला येणार म्हटलं की छातीत धडधडतं. यावर काही औषध असतं का?"

चाळिशी ओलांडलेल्या, बँकेत काम करणाऱ्या एका ताईंचा हा प्रश्न. (ही हकीकत त्यांच्या परवानगीने लिहितेय, ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.) काउंटरवर दिवसभर अनोळखी माणसांशी शांतपणे बोलणारी बाई, आणि घरी चार माणसं जेवायची म्हटली की आदल्या रात्री डोळ्याला डोळा नाही. इतक्या नेमक्या शब्दांत नाही, पण हीच काळजी माझ्याकडे समुपदेशनासाठी बऱ्याच जणी आणि अलीकडे काही पुरुषही घेऊन येतात: आमच्या घरचं साधं, कमी तेला-मिठाचं जेवण लोकांपुढे ठेवायचं कसं?

धडधड होते म्हटल्यावर मी आधी त्यांना त्यांच्या डॉक्टरांकडे पाठवलं. रक्त, थायरॉइड, हृदयाचा आलेख, सगळं ठीक निघालं. मग बोलायला बसलो.

दोन वर्षांपूर्वी ताईंच्या यजमानांना रक्तदाब निघाला. डॉक्टरांनी मीठ कमी करायला सांगितलं. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला दिवसाला 5 ग्रॅमपेक्षा कमी मीठ सांगते, म्हणजे चहाचा एक सपाट चमचा, तोही भरायच्या आत. यात लोणचं, पापड, फरसाण, ब्रेड सगळं आलं. ताईंनी हे मनावर घेतलं. कोकम, लिंबू, दाण्याचं कूट, भाजलेलं जिरं यांच्यावर चव आणायला शिकल्या. त्याबद्दल बोलताना त्यांचा चेहरा खुलायचा. आमसुलाच्या आंबटपणाने मिठाची उणीव कशी झाकली जाते, फोडणी शेवटी वरून दिली की निम्म्या तेलातही वास कसा दरवळतो, हे त्या मला हातवारे करून सांगायच्या.

मग दिवाळीत नणंदेच्या घरचे सगळे जेवायला आले. नणंदेचे यजमान पहिल्याच घासाला म्हणाले, "वहिनी, हे तर आजाऱ्याचं जेवण झालं!" सगळे हसले.

"त्या दिवशी दुधीची भाजी होती," ताई म्हणाल्या. "चण्याची डाळ घातलेली." दीड वर्षानंतरही भाजी लक्षात होती, कोण कुठे बसलं होतं तेही.

तेव्हापासून पाहुणे आले की बाहेरून पनीर आणि नान यायला लागले. ज्यांच्यासाठी मीठ कमी केलं, ते यजमानही तेच जेवायचे. हळूहळू बोलावणंच थांबलं. पाहुण्यांची ती सहा ताटं फडताळात वरच्या खणात गेली.

मी विचारलं, "बाकीच्यांनी काय केलं त्या दिवशी?" बराच वेळ त्या गप्प होत्या. मग म्हणाल्या, "सासूबाईंनी आमटी दोनदा मागून घेतली." हे त्यांना त्या क्षणापर्यंत आठवलंच नव्हतं.

अल्बर्ट एलिस या मानसशास्त्रज्ञांनी 1955 च्या सुमारास मांडलेली विवेकनिष्ठ उपचारपद्धती आम्ही समुपदेशक रोज वापरतो. मराठीत ती समजावणं सोपं जातं, कारण आपल्याकडे 'च' आहे. सगळ्यांना जेवण आवडावं, ही इच्छा. सगळ्यांना आवडलं'च' पाहिजे, हा हट्ट. इच्छा पुरी झाली नाही तर वाईट वाटतं. हट्ट पुरा झाला नाही तर माणूस स्वतःलाच नापास करून टाकतो. ताईंनी वहीत आपली वाक्यं लिहिली आणि 'च'भोवती गोल केले. एका पानावर अकरा गोल झाले.

इथे माझं चुकलं. उत्साहाच्या भरात मी त्यांना सांगितलं, येत्या रविवारी दोन कुटुंबांना बोलवा. शनिवारी डोकं दुखतंय म्हणून त्यांनी बेत रद्द केला आणि पुढच्या भेटीला मान खाली घालून आल्या. भीतीची पायरी माणसाच्या पायाला झेपेल एवढीच हवी, हे मला माहीत असूनही मी घाई केली. तसं त्यांना स्पष्ट सांगितलं.

मग आम्ही वाटीपासून सुरुवात केली. शेजारी वाटी पाठवायला आमंत्रण लागत नाही, ताट मांडावं लागत नाही, समोर बसून कुणाचा चेहरा वाचावा लागत नाही. ताईंनी मटकी रात्रभर भिजवली, सकाळी फडक्यात बांधून ठेवली. थंडी होती म्हणून मोड यायला दीड दिवस लागला. उसळीची वाटी शेजारच्या काकूंकडे गेली. दोन दिवसांनी परत आली ती रिवाजाप्रमाणे भरलेली, आवळ्याच्या चार फोडी घालून. काकूंनी विचारलं होतं, उसळीत गूळ घालतेस का गं?

दुसरी पायरी, बँकेतली एक मैत्रीण. बेत: सालीच्या मुगाच्या डाळीची खिचडी, कढी, गाजराची कोशिंबीर. सालीची डाळ आणि तांदूळ वाटीला वाटी, भरपूर पाणी घालून मऊ शिजवलेली. बोलवायच्या आधी ताईंनी वहीत लिहिलं: 'तिला वाटेल, बोलावलं आणि खिचडीवर भागवलं. खात्री: 80 टक्के.' जेवणानंतरच्या रकान्यात लिहिलं: 'साडेतीन तास बसली. तिच्या आईच्या आजारपणाबद्दल पहिल्यांदाच बोलली.' खिचडीबद्दल एक अक्षर नव्हतं. मी ते दाखवल्यावर त्या स्वतःच चकित झाल्या.

तिसरी पायरी त्यांनीच निवडली: भोगी. संक्रांतीच्या आदल्या दिवशी वांगी, गाजर, घेवडा, सोलाणे, मटार, बोरं आणि वरून तिळाचं कूट घातलेली भाजी, तीळ लावलेली बाजरीची भाकरी, मुगाची खिचडी, लोणी. "मॅडम, या दिवशी साधं जेवणच सणाचं असतं," त्या म्हणाल्या. 'न खाई भोगी तो सदा रोगी' असं म्हणतात, तेव्हा आजाऱ्याचं जेवण म्हणायची सोय कुणालाच नाही, हेही त्यांनीच शोधून काढलं. नणंदेच्या घरचे सगळे येणार होते, यजमानांसकट.

"आणि ते पुन्हा तसंच म्हणाले तर?" मी विचारलं. हा प्रश्न टाळून चालणार नव्हतं. ते काहीच म्हणणार नाहीत, अशी हमी मी देऊ शकत नव्हते.

ताई विचार करत राहिल्या. मग त्यांनी माझ्या टेबलावर बोटाने गोल काढला, पान वाढताना काढावा तसा. "माझी आजी पानात सगळ्यात आधी मीठ वाढायची," त्या सावकाश म्हणाल्या. "मग डावीकडे लिंबू, चटणी, कोशिंबीर. मीठ आधीच वाढलेलं असायचं, कारण ज्याचं त्याने घ्यायचं. कमी लागलं म्हणून आजीला कुणी नावं ठेवल्याचं आठवत नाही."

मी यात काहीही भर घातली नाही.

भोगीनंतरच्या आठवड्यात त्या वही घेऊन आल्या. सहाही ताटं खाली निघाली होती. भाकऱ्या थापायला नणंद स्वतःहून ओट्याशी उभी राहिली. तिच्या यजमानांनी भाजीचा घास घेतला आणि म्हणाले, "वहिनी, मीठ जरा..." ताई म्हणाल्या, "तुमच्या पानात आहे, भाऊजी." त्यांनी चिमूटभर कालवून घेतलं आणि भाजी परत वाढून घेतली. धडधडलं का, असं मी विचारलं. "धडधडलं," त्या म्हणाल्या, "पण मी तव्यावरची भाकरी उलटत होते, तिकडेच लक्ष होतं."

जेवणानंतरच्या रकान्यात दोनच ओळी होत्या: 'भाकऱ्या कमी पडल्या. पुढच्या वेळी बाजरी दोन किलो दळून आणायची.'