बडोद्यात मुलाला शाळेतून काढून घरीच शिकवायचं ठरवलंय. आधार कुठे मिळेल?

आधी पुस्तकं नको, मुलांना घरीच शिकवणारं दुसरं एखादं कुटुंब शोधा. असे लोक बडोद्यात सापडतात ते शाळेच्या वेळेत, सकाळी ११ वाजता सयाजीबागेत. मला माझी मैत्रीण तिथल्या संग्रहालयात, देवमाशाच्या सांगाड्यापाशी भेटली. तिचा मुलगा मान वर करून बरगड्या मोजत होता, तिसऱ्यांदा चुकला होता आणि तिला कसलीही घाई नव्हती. मी सरळ विचारलं, “शाळेला सुट्टी?” ती हसली. आता दर गुरुवारी चार घरं जमतो.

खरा प्रश्न सासूबाईंचा होता. “सयाजीरावांनी १९०६ मध्ये राज्यभर शिक्षण सक्तीचं केलं, आणि तू पोराला घरी बसवतेस?” बिनतोड! मग मोडीची अक्षरं त्यांनीच शिकवायची असं ठरलं. आता दांडिया बाजारातल्या शेजारणींना उत्तरं त्याच देतात.

‘स्वशिक्षण’ ही होमस्कूलिंग करणाऱ्या भारतीय पालकांची संघटना आहे, तिथेही विचारा. परीक्षेचं म्हणाल तर एनआयओएस या राष्ट्रीय मुक्त विद्यालयातून दहावी देता येते, वयाची १४ वर्षं पूर्ण हवीत. तुमचा सात वर्षांचा आहे ना? मग ती फाइल सध्या कपाटात राहू द्या.