अमेरिकन कॉलेज फुटबॉलचा प्रशिक्षक ॲथलेटिक डायरेक्टर, म्हणजे विद्यापीठाचा क्रीडासंचालक, कसा होतो, आणि त्याला होऊ द्यावे का?

‘कसा होतो’ याचे उत्तर सोपे आहे : सामने जिंकून. ‘होऊ द्यावे का’ यावर माझा वडिलांशी वाद झाला होता. आता वडील नाहीत आणि वाद तसाच राहिला आहे, म्हणून हे उत्तर थोडे लांबेल.

मी बरीच वर्षे विस्कॉन्सिनमधील मॅडिसनला राहतो, तेव्हा उदाहरण इथल्या विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या बॅरी अल्वारेझ यांचेच देतो. नेब्रास्का विद्यापीठात प्रशिक्षक बॉब डेव्हानींच्या हाताखाली लाइनबॅकर (बचावफळीतला खेळाडू) म्हणून खेळलेले अल्वारेझ आधी हायस्कूलच्या संघांचे प्रशिक्षक होते, मग आयोवा आणि नोटर डेम या विद्यापीठांत सहायक होते. १९९० मध्ये मुख्य प्रशिक्षक म्हणून विस्कॉन्सिनला आले, तेव्हा पहिल्या हंगामात संघाने ११ पैकी १ सामना जिंकला. क्रीडा विभाग तोट्यात होता. १९९१ मध्ये बेसबॉल आणि मुलामुलींचे जिम्नॅस्टिक्स व तलवारबाजी असे ५ संघ बंदच करण्यात आले. मग १ जानेवारी १९९४ रोजी यूसीएलए या विद्यापीठाला २१-१६ असे हरवून याच संघाने रोझ बोल हा कॉलेज फुटबॉलमधला मानाचा वार्षिक सामना जिंकला, आणि पुढे १९९९ व २००० असा सलग दोनदा जिंकला. अशा विद्यापीठांत बाकीच्या खेळांचा खर्च बहुतांशी फुटबॉलची तिकिटे, प्रक्षेपणाचे हक्क आणि देणग्या यांतून निघतो, त्यामुळे ज्याने फुटबॉल सावरला त्याच्याकडे तिजोरीची किल्ली जाणे ओघानेच येते. २००४ मध्ये अल्वारेझ क्रीडासंचालक झाले, आणि दोन हंगाम त्यांनी दोन्ही पदे एकाच वेळी सांभाळली.

माझे वडील, तात्या, एका तालुक्याच्या गावी महाविद्यालयात शारीरिक शिक्षण संचालक होते आणि कबड्डीचा संघही तेच घडवत. मी त्याच महाविद्यालयात शिकलो. मैदानावर मीही त्यांना ‘सर’च म्हणत असे. दुसऱ्या वर्षी आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेसाठी निवडचाचणी झाली. मी डावा कोपरा धरत असे, आणि ज्याची निवड झाली त्या मुलापेक्षा माझी पकड चांगली होती, हे कर्णधाराने स्वतः मला सांगितले होते. तात्यांनी बारावे नाव वाचले, कागदाची घडी घातली आणि ती सदऱ्याच्या खिशात ठेवली. रात्री जेवताना ते एवढेच म्हणाले, “निवडणारा मी आणि निवडलेला तू, हे शोभत नाही.” आईने मला न विचारताच आणखी एक भाकरी वाढली.

२००५ च्या शरद ऋतूत तात्या आमच्याकडे आले होते. १२ नोव्हेंबरला अल्वारेझ यांचा प्रशिक्षक म्हणून घरच्या मैदानावरचा शेवटचा सामना होता, म्हणून तात्यांना मी कॅम्प रँडल या विद्यापीठाच्या स्टेडियमवर नेले. माझा जाड कोट, माकडटोपी आणि भोवती ८० हजार माणसे! सामना आयोवाने २०-१० असा जिंकला. मधल्या विश्रांतीत मी मोठ्या अभिमानाने सांगितले, की प्रशिक्षक हेच आणि संचालकही हेच. तात्या म्हणाले, “म्हणजे बुटांची मागणी करणारा हाच आणि मंजुरीची सही करणाराही हाच. मग याला नापास कोण करणार?” मी चिडून म्हणालो, की निदान याने स्वतःच्या मुलाला संघाबाहेर ठेवले नसते. तात्यांनी चष्मा पुसला आणि गुणफलक किती झाला ते विचारले.

माझे स्पष्ट मत असे आहे, की मैदान सोडलेल्या प्रशिक्षकाइतका चांगला संचालक मिळत नाही, कारण वाईट हंगाम कसा असतो हे त्याने भोगलेले असते. डेव्हानीही नेब्रास्कात याच वाटेने गेले होते. मात्र दोन्ही खुर्च्या एकदम देऊ नयेत, एवढे तात्यांचे मला मान्य आहे. २०१२ च्या डिसेंबरात प्रशिक्षक ब्रेट बिलेमा अचानक दुसरीकडे गेले, तेव्हा खेळाडूंनीच अल्वारेझना गळ घातली आणि रोझ बोलसाठी संचालक पुन्हा मैदानात उतरले. तो सामना स्टॅनफर्डने २०-१४ असा जिंकला. दोन वर्षांनी तसेच घडले, तेव्हा त्यांनी ऑबर्नला हरवले. अर्थात हे एकाच विद्यापीठाचे उदाहरण आहे, आणि आज त्या पदाला देणगीदार व करारमदार सांभाळणारी माणसे अधिक लागतात. २०२१ मध्ये त्यांच्या जागी आलेले ख्रिस मॅकिंटॉश त्यांचेच जुने खेळाडू असले, तरी ते प्रशासनातून वर आले. तेव्हा तुम्हाला संचालक व्हायचे असेल, तर शिट्टीच्या भरवशावर राहू नका.

एक गोष्ट मात्र नोंदवतोच. अल्वारेझ संचालक असताना त्यांचे नातू जो आणि जेक फर्ग्युसन विस्कॉन्सिनच्याच संघातून खेळले. जेकला २०२२ मध्ये डॅलस काउबॉइज या व्यावसायिक संघाने निवडले, आणि डॅलसमध्ये त्याचे आजोबा कोणत्याही पदावर नव्हते. हे तात्यांना सांगायचे राहून गेले. ते बहुधा एवढेच विचारते, की जेकच्या जागेसाठी मागे राहिलेला मुलगा कोण होता.