ब्रेन हॅमरेजनंतर ऑपरेशन नीट होऊनही मेंदूच्या धमन्या का आकसतात? यात लिपिड सिग्नलिंगचा काय संबंध, आणि फिश ऑइल द्यावं का?

तुमच्या प्रश्नावरून मला समजलं ते असं, मावशींचा अ‍ॅन्युरिझम, म्हणजे मेंदूच्या धमनीवरचा फुगा, फुटला, क्लिपिंग (त्या फुग्याला क्लिप लावून तो बंद करणं) व्यवस्थित झालं, त्या बोलायलाही लागल्या आणि सहाव्या दिवशी उजवा हात लुळा पडला, डॉक्टर म्हणाले व्हॅसोस्पाझम, म्हणजे धमन्या आकसणं, आहे, आणि आता नेटवर लिपिडबद्दल वाचून तुम्ही विचारताय की फिश ऑइल सुरू करू का. आधी त्याचंच उत्तर देते, स्वतःहून अजिबात नको. मी पेशंट बघणारी डॉक्टर नाही, धमन्यांच्या स्नायूंवर लॅबमध्ये काम करते, त्यामुळे आत काय चालतं ते सांगू शकते.

अ‍ॅन्युरिझम फुटला की रक्त धमनीच्या बाहेर, मेंदूभोवतीच्या पाण्यात पसरतं आणि तिथल्या मोठ्या धमन्या त्या गाठींत बुडून राहतात. लाल पेशी फुटून आतलं हिमोग्लोबिन बाहेर यायला वेळ लागतो, म्हणून आकसणं साधारण ३-४ दिवसांनी सुरू होतं, ७ ते १० व्या दिवसाच्या आसपास सगळ्यात जास्त असतं आणि मग दोन-तीन आठवड्यांत ओसरतं. त्यामुळे ऑपरेशनमध्येच काहीतरी चुकलं असेल असं मनात घेऊ नका, क्लिप उत्तम बसली तरी हे होतं. रक्ताचा थर सीटीत जितका जाड तितका धोका जास्त, हे मिलर फिशर यांनी १९८० मध्येच दाखवलंय.

आता लिपिडचं बघू. पेशीच्या पडद्यातल्या चरबीपासून तयार होणारे काही रेणू पेशींना निरोप देण्याचं काम करतात, त्यातला एक म्हणजे स्फिंगोसिलफॉस्फोरिलकोलिन, आम्ही एसपीसी म्हणतो. अशा पेशंटच्या मणक्यातल्या पाण्यात तो वाढलेला सापडलाय. एरवी धमनीच्या स्नायूत कॅल्शियम शिरलं की मायोसिनवर (स्नायू आवळणाऱ्या प्रोटीनवर) फॉस्फेट चढतो आणि स्नायू आवळतो, कॅल्शियम उतरलं की दुसरं एक एन्झाइम तो फॉस्फेट काढून टाकतं आणि स्नायू सैल पडतो. एसपीसी काय करतो, तर फिन नावाच्या प्रोटीनला जागं करतो, त्यातून रो-कायनेज नावाचं एन्झाइम चालू होतं आणि ते हे सैल करणारं एन्झाइमच दाबून ठेवतं. म्हणजे कॅल्शियम तेवढंच, पण स्नायू आवळलेला तो आवळलेलाच.

हे लॅबमध्ये डोळ्यांनी दिसतं. डुकराच्या धमनीची दोन-तीन मिलिमीटरची रिंग कापायची, दोन बारीक तारांवर अडकवून ३७ डिग्रीच्या क्षारांच्या पाण्यात ठेवायची, स्क्रीनवर एक रेषा ताणाची आणि एक कॅल्शियमची. पोटॅशियम टाकलं की दोन्ही रेषा झपकन वर जातात. ते धुऊन एसपीसी टाकलं की ताणाची रेषा हळूहळू चढत राहते आणि कॅल्शियमची जवळपास आहे तिथेच राहते! मावशींना देतायत ते निमोडिपिन कॅल्शियमचं दार बंद करतं, या दुसऱ्या वाटेला ते फारसं काही करू शकत नाही, म्हणून मला हे संशोधन इतकं महत्त्वाचं वाटतं.

यातलं बरंचसं काम जपानचं, यामागुची विद्यापीठात सेई कोबायाशी यांच्या गटाने एसपीसी-फिनची साखळी उलगडली आणि माशाच्या तेलातलं ईपीए फिनला अडवतं हेही दाखवलं. रो-कायनेजलाच रोखणारं फासुडिल हे औषध तर जपानमध्ये १९९५ पासून याच आजारासाठी मंजूर आहे. ईपीएची पेशंटवरची जपानी ट्रायलही आशादायक निघाली, त्यात रोज २७०० मिलिग्रॅम शुद्ध ईपीए दिलं होतं, आणि आपल्या मेडिकलमध्ये मिळणाऱ्या साध्या १००० मिलिग्रॅमच्या फिश ऑइल कॅप्सूलमध्ये ईपीए असतं साधारण १८० मिलिग्रॅम, म्हणजे दिवसाला १५ गोळ्या, तेही मेंदूचं ऑपरेशन झालेल्या माणसाला, आणि जास्त डोसमध्ये हे रक्त थोडं पातळ करतं. म्हणून म्हटलं नको, विचारायचंच असेल तर न्यूरोसर्जनला थेट विचारा.

आणखी एक गोष्ट. धमनी सैल झाली की पेशंट सुधारलाच, असं होत नाही. क्लॅझोसेंटन नावाच्या औषधाने आकसणं कमी झालं, पण २०११ च्या मोठ्या ट्रायलमध्ये पेशंटच्या अवस्थेत फरक पडला नाही (जपानने मात्र ते २०२२ मध्ये मंजूर केलं). कोलेस्टेरॉल कमी करणारं स्टॅटिन रो-कायनेजच्या वाटेवर काम करतं म्हणून फार आशा होती, त्यातल्या सिम्व्हास्टॅटिनची ट्रायल २०१४ मध्ये आली, फायदा शून्य. आणि निमोडिपिनचं उलटं आहे, अँजिओग्राफीत धमन्या फारशा रुंदावलेल्या दिसत नाहीत तरी १९८९ च्या ब्रिटिश ट्रायलमध्ये मेंदूचा भाग मरण्याचं प्रमाण ३३ टक्क्यांवरून २२ वर आलं.

म्हणून तुमच्या हातात आज जे आहे ते हेच, निमोडिपिन नेहमी दर ४ तासांनी ६० मिलिग्रॅम असं २१ दिवस देतात, रात्री २ चा डोससुद्धा, गोळ्या संपायच्या आधी आणून ठेवा आणि बीपी उतरल्यामुळे डोस बदलला तर सिस्टरना कारण विचारून घ्या. मावशी नेहमीपेक्षा जास्त झोपेत वाटल्या, शब्द अडखळले, तोंड वाकडं दिसलं किंवा हात आणखी ढिला पडला तर राऊंडची वाट बघू नका, त्याच मिनिटाला सिस्टरना बोलवा.